मन्स्टर रग्बी संघ

मन्स्टर रग्बी संघ : आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील मन्स्टर प्रांताचे प्रतिनिधित्व करणारा, रग्बी युनियन या खेळाचा विख्यात संघ. मन्स्टर हा आयर्लंडच्या चार पारंपरिक प्रांतांपैकी एक असून (इतर तीन : लेन्स्टर, अल्स्टर व कॉनॉट) त्यात कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपरेरी व वॉटरफर्ड या सहा परगण्यांचा समावेश होतो. प्रांताचे क्षेत्रफळ सु. २४,६०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. १३.७ लाख (२०२२). संघाचा गणवेश लाल असून त्याच्या बोधचिन्हात मन्स्टरच्या प्राचीन राजचिन्हातील तीन मुकुट व एक नर हरिण दाखविलेले असते. लिमरिक येथील थॉमंड पार्क व कॉर्क येथील मस्ग्रेव्ह पार्क ही त्याची दोन मैदाने. यूरोपातील प्रांतिक व क्लब संघांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, म्हणजे हायनेकेन चषकाचे, विजेतेपद त्याने २००६ व २००८ अशा दोन वर्षी मिळविले. तथापि रग्बीच्या इतिहासात त्याचे नाव त्याआधीच, १९७८ मधील एका मंगळवारच्या सामन्याने, कायमचे नोंदले गेले होते.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेणे अवश्य आहे. आयर्लंडच्या चार प्रांतांना आधुनिक काळात कोणतेही प्रशासकीय स्थान नाही. त्यांना विधिमंडळ नाही, राजधानी नाही, करवसुली नाही. मध्ययुगात मन्स्टर हे राज्य होते आणि बाराव्या शतकात त्याचेही उत्तरेस थॉमंड व दक्षिणेस डेझमंड असे दोन तुकडे पडले. लिमरिकच्या मैदानाला आजही थॉमंडचे नाव आहे. त्यानंतर परगणा व गाव हीच सामान्य आयरिश माणसाच्या निष्ठेची खरी परिमाणे राहिली. मग ज्याला नकाशावर सीमारेषा आहे, पण शासन नाही, अशा प्रदेशाचा एक संघ लाखो लोकांना ‘आपला’ वाटू लागला, हे कसे घडले? ही निष्ठा अनादी आहे असे तिचे समर्थक मानतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

रग्बीचा खेळ आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमार्फत व इंग्लंडमधील निवासी शाळांतून शिकून परतलेल्या तरुणांमार्फत आला. १८७४ मध्ये डब्लिन येथे आणि १८७५ मध्ये बेलफास्ट येथे अशा दोन स्वतंत्र संस्था निघाल्या. १८७९ मध्ये त्यांचे एकीकरण होऊन आयरिश रग्बी फुटबॉल युनियन ही संस्था अस्तित्वात आली व तिच्या प्रांतवार शाखा स्थापन करण्यात आल्या. मन्स्टर शाखा ही त्यांपैकी एक. पुढे देशाची फाळणी झाली, तरी ही संस्था दुभंगली नाही. उत्तर व दक्षिण आयर्लंडचा रग्बी संघ आजतागायत एकच आहे. अर्थात प्रांत हा या खेळात आला तो कारभाराच्या सोयीसाठी. संघाची निवड हे शाखेच्या अनेक कामांपैकी एक होते आणि ते वर्षातून दोन-तीनदाच करावे लागे.

कॉर्क शहरात हा खेळ व्यापारी, वकील, डॉक्टर अशा सुस्थित वर्गात रुजला. युनिव्हर्सिटी कॉलेजचा संघ हा तेथील सर्वांत जुन्यांपैकी. कॉर्क कॉन्स्टिट्यूशन हा क्लब १८९२ मध्ये त्याच नावाच्या वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्यांनी काढला. वृत्तपत्र काही दशकांनी बंद पडले, क्लब मात्र वर्धिष्णू राहिला. प्रेझेंटेशन ब्रदर्स व ख्रिश्चन ब्रदर्स या दोन कॅथलिक धर्मसंघांच्या शुल्क आकारणाऱ्या शाळांनी येथील संघांना पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरविले. डब्लिनमधील रग्बीचे सामाजिक चित्र याहून फारसे निराळे नव्हते.

लिमरिकची गोष्ट मात्र वेगळी होती आणि मन्स्टरच्या पुढील प्रतिमेचा सर्व रंग तेथूनच आला. शॅनन नदीच्या काठावरील हे बंदराचे शहर. गोदी, पिठाच्या गिरण्या व डुकराचे मांस खारविण्याचे कारखाने यांवर तेथील कष्टकऱ्यांचा निर्वाह चाले. गॅरिओवेन व शॅनन हे दोन क्लब १८८४ मध्ये व यंग मन्स्टर हा १८९५ मध्ये स्थापन झाला. शॅननची मुळे सेंट मेरीज या जुन्या पॅरिशमध्ये, तर यंग मन्स्टरची रेल्वे व गोदी यांच्या आसपासच्या कामगार वस्त्यांत होती. हमाल, गाडीवान, खाटीक व कारकून एकाच संघातून खेळत. अनेक सामने रविवारी होत, कारण आठवड्यातील तेवढाच दिवस मजुराच्या हाती असे. चेंडू आकाशात उंच भिरकावून तो खाली येईतो सर्व आघाडीवीरांनी त्याखाली तुटून पडावयाचे, या लाथेला इंग्रजी भाषक जगात आजही ‘गॅरिओवेन’ म्हणतात. एखाद्या मोहल्ल्याचे नाव खेळाच्या परिभाषेत शिरावे असे क्वचितच घडते. हा डाव देखणा खचितच नाही. पण ओल्या, चिखलमय मैदानावर तो किती परिणामकारक ठरे, हे प्रतिपक्षांना चांगलेच ठाऊक होते.

ज्या वर्षी गॅरिओवेन क्लब निघाला, त्याच वर्षी टिपरेरी परगण्यातील थर्ल्स येथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. हर्लिंग व गेलिक फुटबॉल या स्वदेशी खेळांचे पुनरुज्जीवन करणारी ही संस्था लवकरच राष्ट्रीय चळवळीचा भाग बनली. रग्बी, फुटबॉल, हॉकी व क्रिकेट हे परकी खेळ होत आणि ते खेळणाऱ्या वा पाहणाऱ्या सदस्यास संस्थेतून काढून टाकावे, असा तिचा नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून १९७१ पर्यंत अमलात होता. (१९३८ मध्ये आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलच्या एका आंतरराष्ट्रीय सामन्यास उपस्थित राहिले, म्हणून त्यांचेही आश्रयदातेपद काढून घेण्यात आले.) केरी, क्लेअर व टिपरेरी या परगण्यांत गेलिक खेळांचेच राज्य होते. केरीतील एका खेड्यात वाढलेला मॉस कीन हा धिप्पाड तरुण कॉर्कच्या विद्यापीठात शिकत असताना या बंदीमुळे ‘मॉस फेंटन’ असे खोटे नाव घेऊन रग्बी खेळला. पुढे तो आयर्लंडचा नामांकित खेळाडू झाला. लिमरिक शहरात मात्र ‘परकी खेळ’ ही मुद्रा कधी ठसली नाही. जो खेळ गल्लीतील शेजारी रविवारी खेळतो, त्यास परका म्हणणे कठीण असते.

असे असले तरी शंभर वर्षांच्या या काळात लोकांची भक्ती क्लबांवर होती, प्रांतावर नव्हे. १८८६ पासून चालू असलेल्या मन्स्टर सीनिअर चषकासाठी गॅरिओवेन व यंग मन्स्टर एकमेकांसमोर उभे ठाकले, की शहर दुभंगत असे. आंतरप्रांतिक अजिंक्यपद स्पर्धेस १९४६-४७ पासून नियमित रूप आले. परंतु तिच्या सामन्यांना अनेकदा मोजकेच प्रेक्षक असत आणि राष्ट्रीय संघासाठी निवडचाचणी एवढेच त्यांचे महत्त्व मानले जाई. निवडसमितीत कॉर्कचे पारडे जड की लिमरिकचे, यावरून दोन्ही शहरांत कायम संशय असे. जुन्या थॉमंड-डेझमंड दुहीचा हा उत्तरावतार म्हणावयास हरकत नाही. लिअम ओकॅलघन या इतिहासकाराने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मन्स्टर रग्बीच्या सामाजिक इतिहासात या प्रांतिक अस्मितेची बरीच घडण अलीकडची असल्याचे साधार दाखविले आहे व ते मूलतः पटण्यासारखे आहे.

प्रांत एक होई तो परदेशी पाहुण्यांसमोर. न्यूझीलंडचा ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाने ओळखला जाणारा संघ १९०५ मध्ये प्रथम लिमरिकला आला आणि ३३–० असा सहज जिंकून गेला. नंतरच्या भेटींत मात्र अंतर घटत गेले. १९५४ मध्ये कॉर्क येथे व १९६३ मध्ये लिमरिक येथे मन्स्टर ३–६ असे निसटते हरले; १९७३ मध्ये सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. दरम्यान १९६७ मध्ये टॉम किअर्नन याच्या नेतृत्वाखाली मन्स्टरने ऑस्ट्रेलियाचा ११–८ असा पराभव केला. आयर्लंडच्या कोणत्याही प्रांताने दौऱ्यावरील बलाढ्य राष्ट्रीय संघास नमविण्याची ही पहिली वेळ.

३१ ऑक्टोबर १९७८ रोजी थॉमंड पार्कवर झालेल्या सामन्याचा वृत्तांत थोडा सविस्तर देणे इष्ट ठरेल. प्रशिक्षक आता किअर्नन होता. तयारीसाठी त्याने संघ लंडनला नेला, तेव्हा मिडलसेक्स परगण्याच्या संघाकडून मन्स्टरचा दणदणीत पराभव झाला होता. विजयाची आशा फारशी कोणी बाळगली नव्हती. मंगळवारी दुपारी सु. १२,००० प्रेक्षक जमले. आरंभीच सीमस डेनिसन या शरीराने लहानखुऱ्या खेळाडूने वेगाने चालून येणाऱ्या स्टू विल्सन याला असे काही कवेत घेऊन पाडले, की पाहणाऱ्यांना पुढील तासाभराची दिशा तेथेच कळली. त्यानंतर जिमी बोवेनने प्रतिपक्षाच्या फळीतून वाट काढली व त्याच्या साहाय्यास धावलेल्या क्रिस्टी कँटिलनने गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय नोंदविला (ट्रायचे त्या काळी चार गुण असत). टोनी वॉर्डने त्यावरील रूपांतरण व एक ड्रॉप गोल साधून मध्यांतरास ९–० अशी आघाडी मिळविली. उत्तरार्धात त्याने आणखी एक ड्रॉप गोल केला. उरलेला सारा वेळ मन्स्टरने केवळ अडवून धरण्यात घालविला. अंतिम गुणसंख्या १२–०. ग्रॅहम मूरीच्या त्या न्यूझीलंड संघाने १८ सामन्यांच्या दौऱ्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चारही राष्ट्रांना हरविले. पराभव झाला तो एवढा एकच. आयर्लंडच्या राष्ट्रीय संघास न्यूझीलंडवर पहिला विजय मिळविण्यासाठी २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली, ही गोष्ट लक्षात घेता या निकालाचे मोल कळेल.

मैदानावर जल्लोष चालू असतानाच कर्णधार डॉनल कॅनिफ याला निरोप आला, की आकाशवाणीवर सामन्याचे वर्णन ऐकत असताना त्याचे वडील हृदयविकाराने निवर्तले. विजयाचा कर्णधार त्या संध्याकाळी संघासोबत नव्हता.

या सामन्याभोवती पुढे कथांचे जाळे विणले गेले. बारा हजारांच्या मैदानावर आपण हजर होतो, असे सांगणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या घरात गेली, असा विनोद लिमरिकमध्ये रूढ आहे. जॉन ब्रीन याने १९९९ मध्ये त्यावर लिहिलेले अलोन इट स्टँड्स हे नाटक आयर्लंडबाहेरही गाजले. मन्स्टरच्या मातीचा विजय म्हणून तो गायिला जातो. परंतु बारापैकी आठ गुण मिळविणारा वॉर्ड हा डब्लिनचा. लिमरिकला तो शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात शिकावयास आला, गॅरिओवेनकडून खेळला आणि नंतर प्रतिस्पर्धी लेन्स्टर प्रांताच्या संघातही गेला. ही टीका नव्हे. बाहेरच्यास सामावून घेण्याची ही रीत मन्स्टरला नंतर फार उपयोगी पडली.

विजयानंतर सतरा वर्षे मात्र परिस्थिती मुळीच बदलली नाही. १९८१ व १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियाला पुन्हा हरविले, तरी एरवी संघ ओस मैदानांवरच खेळत राहिला. उलट, क्लबांचे वैभव शिखरास पोहोचले. १९९०-९१ मध्ये सुरू झालेल्या अखिल आयर्लंड लीग स्पर्धेची पहिली नऊही अजिंक्यपदे मन्स्टरमधील क्लबांनी जिंकली : कॉर्क कॉन्स्टिट्यूशन (१९९१, १९९९), गॅरिओवेन (१९९२, १९९४), यंग मन्स्टर (१९९३) व शॅनन (१९९५ ते १९९८, सलग चार वेळा). लिमरिकमधील स्थानिक सामन्यांना हजारोंची गर्दी लोटे.

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने रग्बी युनियनमधील हौशीपणाचा दंडक रद्द केला व खेळ व्यावसायिक झाला. त्याच हिवाळ्यात हायनेकेन चषक स्पर्धा सुरू झाली. तिच्या उभारणीत किअर्ननचाही वाटा होता. इंग्लंड व फ्रान्समध्ये श्रीमंत क्लब स्पर्धेत उतरले; आयर्लंडचे क्लब त्या मानाने लहान, म्हणून आयरिश युनियनने प्रांतांना पुढे केले व खेळाडूंचे करार स्वतःकडे घेतले. थोडक्यात, प्रशासनाच्या सोयीखातर आखलेली रेषा आता उपजीविकेची रेषा बनली. मन्स्टरने आपला पहिला सामना १ नोव्हेंबर १९९५ रोजी थॉमंड पार्कवर वेल्समधील स्वॉन्झीविरुद्ध १७–१३ असा जिंकला. तेव्हापासून जानेवारी २००७ मध्ये लेस्टरकडून हरेपर्यंत या मैदानावर या स्पर्धेतील एकही सामना संघाने गमावला नाही.

डेक्लन किडनी या कॉर्कमधील शाळाशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली संघ २००० मध्ये प्रथम अंतिम फेरीत पोहोचला आणि नॉर्थॅम्प्टनकडून ८–९ असा, एका गुणाने हरला. २००२ मध्ये लेस्टरविरुद्धच्या अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी नील बॅकने पीटर स्ट्रिंगरच्या हातातील चेंडू पंचांच्या नजरेआड झटकून टाकला. असे पराभव समर्थकांना पांगवितात, असा सर्वसाधारण अनुभव. येथे उलट घडले. लाल सदरे घातलेले हजारो लोक संघामागे फ्रान्स-इंग्लंडला जाऊ लागले. जानेवारी २००३ मध्ये ग्लॉस्टरविरुद्ध किमान चार ट्राय व २७ गुणांचे आधिक्य मिळाले तरच पुढे जाता येणार होते. मन्स्टरने बरोबर चार ट्राय करून ३३–६ असा, म्हणजे नेमक्या २७ गुणांनी, विजय मिळविला. २० मे २००६ रोजी कार्डिफ येथे बियारिट्झला २३–१९ असे हरवून चषक अखेर हाती आला. सामना ऐन रंगात असताना लिमरिकच्या ओकॉनेल मार्गावर पडद्यासमोर दाटलेल्या गर्दीचे दृश्य मैदानातील मोठ्या पडद्यावर दाखविण्यात आले. घरी राहिलेले शहर आपल्याकडे पाहत आहे हे खेळाडूंनी खेळता खेळता पाहिले व त्याचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. २००८ मध्ये तूलूझवर १६–१३ अशी मात करून संघाने दुसऱ्यांदा विजेतेपद पटकाविले.

याच वर्षांत मन्स्टरचे आचार व विधी निश्चित झाले. प्रतिपक्षाचा खेळाडू गोलसाठी लाथ मारावयास उभा राहिला, की थॉमंड पार्कवर संपूर्ण शांतता पाळतात. प्रेक्षक समूहाने गातात ती दोन गीते मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ‘फील्ड्स ऑफ ॲथेनराय’ हे पीट सेंट जॉन या डब्लिनच्या गीतकाराने १९७० च्या दशकात रचलेले दुष्काळाचे गीत. त्यातील ॲथेनराय गाव गॉल्वे परगण्यात, म्हणजे कॉनॉट प्रांतात आहे. ‘स्टँड अप अँड फाइट’ हे तर बीझेच्या कार्मेन या संगीतिकेवरून अमेरिकेत रचलेल्या कार्मेन जोन्स या नाट्यकृतीतील. तेव्हा यांत मन्स्टरचे मूळचे असे काहीच नाही. परंतु ज्या पिढीने ती गाइली तिच्या दृष्टीने ती मन्स्टरचीच आहेत.

परकीयांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. नोव्हेंबर २००८ मध्ये नव्याने बांधलेल्या थॉमंड पार्कच्या उद्‌घाटनप्रसंगी ऑल ब्लॅक्स पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हाका या युद्धनृत्याआधी मन्स्टरच्या चार न्यूझीलंडी खेळाडूंनी लाल गणवेशात, आपल्याच देशबांधवांसमोर, स्वतःचा हाका सादर केला. तो सामना मन्स्टरने शेवटच्या काही मिनिटांत १६–१८ असा गमावला.

मे २००९ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर, ८२,२०८ प्रेक्षकांच्या उपस्थितीत, लेन्स्टरने मन्स्टरला उपांत्य सामन्यात २५–६ असे हरविले. सत्तेचे केंद्र तेथून डब्लिनकडे सरकले. मोठ्या शहराच्या शाळांतून निघणाऱ्या खेळाडूंच्या ओघाशी बरोबरी करणे मन्स्टरला जड जाऊ लागले. २०११ च्या लीग विजेतेपदानंतर बारा वर्षे संघास कोणताही चषक मिळाला नाही. २०१६ मध्ये कॉर्क व लिमरिक अशी दोन ठिकाणची प्रशिक्षणकेंद्रे बंद करून लिमरिक विद्यापीठात एकच केंद्र करण्यात आले. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच होते. कॉर्ककरांना ते सर्वस्वी रुचले, असे म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबर रोजी मुख्य प्रशिक्षक अँथनी फोली पॅरिसजवळ, सामन्याच्या दिवशी सकाळी, निवासस्थानी मृतावस्थेत आढळला. त्याचे वय ४२ होते. क्लेअर परगण्यातील किलालू गावचा फोली शॅनन क्लबचा खेळाडू व २००६ च्या विजयी संघाचा कर्णधार. त्याचे वडील ब्रेंडन फोली १९७८ च्या संघात होते. पुढील शनिवारी त्याच्या स्मरणार्थ संघाने आठ क्रमांकाचा सदरा कोणासच दिला नाही व ग्लासगोवर ३८–१७ असा विजय मिळविला. मन्स्टरचा इतिहास दोन पिढ्यांच्या एका कुटुंबात सामावतो, असे म्हटले जाते ते या घराण्यास उद्देशून.

१० नोव्हेंबर २०२२ रोजी कॉर्कच्या पार्क ई कीव्ह या मैदानावर मन्स्टरने दक्षिण आफ्रिकेच्या ‘अ’ संघास २८–१४ असे हरविले. हे मैदान गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचे. ज्या संस्थेने रग्बी पाहणाऱ्यास बहिष्कृत केले, तिच्या जागेत चाळीस हजारांहून अधिक लोक मन्स्टरचा खेळ पाहण्यास जमले होते. मे २०२३ मध्ये संघाने उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम हे तिन्ही सामने परक्या मैदानांवर जिंकून, केपटाउन येथे स्टॉर्मर्सचा १९–१४ असा पराभव करीत युनायटेड रग्बी चँपियनशिप ही लीग स्पर्धा जिंकली.

क्लबांचे काय झाले, याचा उल्लेख केल्याविना ही नोंद अपुरी राहील. व्यावसायिक खेळाडू प्रांताचे झाल्यापासून ते आपापल्या क्लबांकडून क्वचितच खेळतात आणि १९९० च्या दशकातील गर्दी त्यांच्यामागोमाग थॉमंड पार्ककडे गेली. शॅननसारखे क्लब त्या मोठ्या मैदानाच्या परिसरात, तर यंग मन्स्टर आपल्या टॉम क्लिफर्ड पार्कवर सामने खेळतात. क्लिफर्ड हा त्या क्लबचा, १९४९ मध्ये पाच राष्ट्रांची स्पर्धा जिंकणाऱ्या आयरिश संघातील आणि १९५० च्या ब्रिटिश लायन्स संघातील आघाडीवीर. क्लबच्या सामन्यांना आता बहुधा शेजारपाजारचे लोक, जुने खेळाडू व मुले यांचीच उपस्थिती असते.